तीन दिवस फुकट

१२ जानेवारी २०२६, सोमवार

स्कॅनर गेला. कायमचाच. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, याच्यात पैसे घालण्यापेक्षा नवीन घ्या." घ्या म्हणे! गाळ्याचं भाडं जानेवारीचं अजून जायचंय.

पण दुपारपर्यंत डोकं चाललं. कागदाचा फोटो काढून त्याची पीडीएफ करणारं एक ॲप सापडलं. अगदी स्वच्छ, सरकारी साइटला हवी तेवढ्याच साइजची. नुसतं फुकट वापरलं तर कागदावर आडवं त्यांचं नाव छापून येतं, मग साइट कागद घेत नाही. "तीन दिवस मोफत" दाबलं की नाव येत नाही. माझ्या फोनवर टाकलं तर तीनच दिवस चालेल, मग? गिऱ्हाइकाच्या फोनवर टाकायचं – ज्याचा फोन, त्याचे तीन दिवस. काम झालं की ॲप काढून टाकायचं. नाहीतरी लोकांच्या फोनमध्ये जागा कुठे असते?

आपल्या दिघ्यात ऑनलाइन फॉर्मची तीन दुकानं आहेत. बाकी दोघांना हे सुचलेलं नाही. आई म्हणाली, फार हुशारी नको करू. तिला कशाचंच कौतुक नाही.

१४ जानेवारी, बुधवार

नऊ फॉर्म झाले. सुंदरामावशी आणि तिची सून गीतांजली आल्या होत्या, नातीच्या, मैत्रीच्या शाळेसाठी. पोरीचं नाव खासगी शाळेतल्या राखीव जागेत घालायचंय. रहिवासाचा पुरावा, जन्मदाखला, जातीचा दाखला, मावशीच्या मुलाच्या, सुगतच्या मृत्यूचा दाखला. तो कागद फोटोसाठी टेबलावर मी दोनदा सपाट केला. सुगत दहावीपर्यंत माझ्या वर्गात होता. जाऊन दोन वर्षं झाली. आता घरात दोन बायका, एक पोर आणि त्याचाच जुना फोन. मावशीच्या पगाराचं खातं त्याला जोडलेलं, वापरते गीतांजली. ती महाप्याला पॅकिंगच्या लाइनवर पाळीने कामाला जाते.

ॲपसाठी दोन रुपये कापतात, लगेच परत येतात. पिन टाका म्हटलं. गीतांजलीने टाकला, मी मान फिरवली. कोणाचा पिन बघायचा नाही हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम. जाताना मावशी म्हणाली, "तू हायेस म्हणून आमचं चालतंय बाई." बरं वाटलं. का वाटू नये?

२ मार्च, सोमवार

सुंदरामावशी पासबुक घेऊन आली. खुर्चीवरसुद्धा बसली नाही.

"बघ गं, दर शनवारी पैशे जात्यात. म्या काढले न्हाईत."

खरंच होतं. दर शनिवारी तीनशे एकोणपन्नास, सात शनिवार. ती महाप्याच्या ऑफिसात लाद्या पुसते, त्या पैशांतून. मैत्रीच्या शाळेसाठी बाजूला ठेवत होती. पासबुकात रकमेपुढे एका कंपनीचं इंग्रजी नाव आणि आकड्यांची शेपटी. नाव शोधलं. कंपनीचं पहिलंच ॲप आलं – नवे मित्र, थेट व्हिडिओवर. मोकळ्या केसांची एक बाई हसतेय. एवढं पुरे होतं.

मी म्हटलं, "मावशी, हे अनोळखी माणसांशी बोलायचं ॲप आहे. पैसे भरल्याशिवाय बोलता येत नाही. आणि हे पिन टाकल्याशिवाय सुरू होत नाही."

मावशीने पासबुक मिटलं. मग म्हणाली, "पिन तर तिलाच ठाव हाय."

मी नाव घेतलं नाही. मी फक्त विचारलं, घरात फोन कोणाकडे असतो.

३ मार्च, मंगळवार

गीतांजली अंघोळीला गेली तेव्हा मावशी दहा मिनिटांसाठी फोन घेऊन धावत आली. पैसे कापणं मी बंद केलं. तिथल्या यादीत नुसतं कंपनीचं नाव, ॲपचं नाही. ॲप फोनमध्ये नाही – म्हणजे काढून टाकलंय. लपवायचं नसतं तर काढलं कशाला असतं? मावशीला हेच बोलले. मेसेजमध्ये सातही शनिवारच्या पैसे कापल्याच्या सूचना होत्या, एकही उघडलेली नव्हती. तेही दाखवलं.

वाईट वाटतं. बत्तीस वर्षांची बाई आहे, एकटी आहे, कोणाशी बोलावंसं वाटलं तर त्यात मी काही पाप मानत नाही. पण सासूच्या पैशाने?

५ मार्च, गुरुवार

काल संध्याकाळी सुंदरामावशीच्या घरात भांडण. सगळ्या गल्लीने ऐकलं. मला दुकानापर्यंत मावशीचा आवाज येत होता, गीतांजलीचा नाही. आज सकाळी ती मैत्रीला घेऊन माहेरी गेली, नावड्याला. फोन उंबऱ्यावर ठेवून गेली.

मावशी पाणी भरताना भेटली. म्हणाली, "म्या एवढंच इचारलं, कोनाशी बोलतीस? तर नुसती बघत राहिली. खोटं असतं तर बोलली असती का न्हाई?"

मी मान हलवली. रात्री आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला फॉर्म भरायचे पैसे देतात ना लोक? मग फॉर्म भर." जेवण तसंच ठेवून झोपले.

९ मार्च, सोमवार

गंगारामकाका आले. एकटे राहतात, वय एकाहत्तर, तळोज्याच्या कंपनीतून निवृत्त. मुलगा पुण्याला. फोनला स्वतःशिवाय आणि माझ्याशिवाय कोणाचा हात लागू देत नाहीत. काचेवर काच, वर कव्हर, वर प्लास्टिकची पिशवी.

"मॅडम, माझं पेन्शन गळतंय."

तीच कंपनी, तेच तीनशे एकोणपन्नास. मी हसले. म्हटलं, "काका, नवीन मैत्रिणी शोधताय की काय व्हिडिओवर?"

काका हसले नाहीत. म्हणाले, "मला तो व्हिडिओ कॉल उचलायला जमत नाय. पोरगा ओरडतो त्यावरून. मी कशाला मैत्रिनी शोधू?"

तेव्हा पुन्हा त्या कंपनीचं पान उघडलं आणि या वेळी खालपर्यंत गेले. नवे मित्र. राशिभविष्य. फोटोतला चेहरा म्हातारा करा. कॅलरी मोजा. आणि सगळ्यात खाली, पिवळ्या चौकोनात – कागद स्कॅन करा.

माझं ॲप.

काकांचं पैसे जाणं बंद केलं, त्यांना चहा पाजला, घरी पाठवलं. शटर अर्धं ओढून बसले. काका तेवीस जानेवारीला हयातीच्या दाखल्यासाठी आले होते. मावशी चौदाला. चौदा आणि तीन सतरा. सतरा जानेवारीला शनिवार होता.

१० मार्च, मंगळवार

आईच्या फोनवर ते ॲप नव्याने टाकून पाहिलं. या वेळी दाबण्याआधी वाचलं. मधोमध मोठं हिरवं बटण – मोफत सुरू करा. त्याच्या खाली, पांढऱ्यावर फिक्या राखाडी अक्षरात, तीन दिवसांनंतर दर आठवड्याला एवढे. बंद करायची फुली कोपऱ्यात, तीही पाच-सहा सेकंदांनी उगवते. तोवर माणूस बटण दाबून मोकळा. आणि ॲप काढून टाकलं तरी पैसे जाणं थांबत नाही. ते वेगळीकडे जाऊन बंद करावं लागतं. उलट काढून टाकलं की ज्याचे जातात त्याला पत्ताच लागत नाही. ती झाडलोट मी केली. प्रत्येकाच्या फोनवर, स्वतःच्या हाताने.

मी काय करते? लोकांना बारीक अक्षर वाचून दाखवते. त्याचेच पन्नास रुपये घेते. आणि हे मी वाचलं नाही! फुकट दिसलं आणि दाबलं.

वहीत नावं आहेत – एकसष्ट.

११ मार्च, बुधवार

दुकान उघडलं. कोणाला काही बोलले नाही.

१३ मार्च, शुक्रवार

लोकांना फोन करून बोलावते आहे. म्हणते, "फोनमध्ये एक अपडेट करायचंय, पाच मिनिटं लागतील." येतात. पैसे जाणं बंद करून देते. बऱ्याच जणांना कळलेलंच नाही की काही जात होतं. एक बाई म्हणाली, "ताई, तुमी फुकटात करताय, देव भलं करो." मी म्हटलं, त्यात काय.

परत किती मिळतील? कंपनीला मेल केला. दोन मिनिटांत उत्तर – तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दुसऱ्यांदा केला, तेच उत्तर. पैसे गेल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत सांगितलं तरच बघू, असं त्यांच्या पानावर लिहिलंय. तशी आत्तापर्यंत दोनच माणसं निघाली.

असंच सगळ्यांचं गुपचूप बंद करत गेले तर आठवड्यात काम होईल. कोणाला कळणार नाही. दुकान राहील. हे मी आज दिवसभर स्वतःला सांगत होते. प्रत्येक वेळी नावडं आडवं येतं. गीतांजलीची बदनामी कुठे जाऊन बंद करू?

१५ मार्च, रविवार

विहारात गेले. मावशी आली होती. तिघींची सतरंजी नेहमी एकत्र असायची, मैत्री मध्ये. आज मावशी त्याच सतरंजीवर एकटी, बाकीची जागा मोकळी सोडून. पंचशील सुरू झालं. चौथं आलं, खोटं बोलणार नाही ते, आणि माझा आवाज बंद. ओठ हलवत राहिले. पुढच्या रांगेतल्या कोणाला काय कळणार! पण मला माझंच ऐकू येत नव्हतं.

मागे दोन बायका गीतांजलीबद्दल कुजबुजत होत्या. "मोबाइलवर कुठल्या माणसाशी..." हे वाक्य मी दिघ्याला दिलंय.

१६ मार्च, सोमवार

मावशीला सांगितलं. कामावरून येण्याची वाट बघत तिच्या ओट्यावर बसले होते. ती चप्पल काढतेय तोवरच सुरुवात केली. नाहीतर झालं नसतं.

सगळं सांगितलं. स्कॅनर, ॲप, हिरवं बटण, मी ते काढून टाकलं हेही. म्हटलं, "गीतांजलीने काही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं. तिच्याबद्दल जे बोलले तेही माझंच. पुढचं न बघता बोलले."

पैसे पुढे ठेवले. मावशीने घेतले, मोजले नाहीत, डब्यात टाकले. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर सोपं होतं. तिने कोपऱ्यातलं मैत्रीचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं. ते इथेच राहिलंय.

मग म्हणाली, "तू सांगितलंस आन् म्या लगेच ऐकलं. सात वर्सं माझ्या घरात हाय ती. सुगतच्या आजारात तीन महिने जमिनीवर झोपली दवाखान्यात. तिचं म्या ऐकलं न्हाई, तुझं ऐकलं. काहून ऐकलं असंल गं?"

 घरी येऊन रडले.

१७ मार्च, मंगळवार

दुकान बंद ठेवून नावड्याला गेले. दोन बस, मग शेअर रिक्षा. तळोज्याच्या कारखान्यांचा तो आंबूस वास कॉलनीपर्यंत येतो. गीतांजली भावाच्या घरी आहे, पहिल्या मजल्यावर. तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही, बसा म्हणाली. मैत्री आतून धावत आली – "संघप्रियाआत्या, माझा शाळेत नंबर लागला का?" अजून यादी आलेली नाही, सांगितलं.

गीतांजलीला सगळं सांगितलं, कालच्यासारखंच, काही न गाळता. माफी मागितली. ती ऐकत होती आणि खडे बाजूला काढत होती.

"मेसेज येत होते ताई. मी उघडले नाहीत, ते माझं चुकलं. दिवसाला तीस मेसेज येतात बँकेचे, लोनवाल्यांचे. कोण वाचतं?"

मी म्हटलं, मीसुद्धा वाचलं नाही, आणि मला तर वाचायचे पैसे मिळतात.

थोडी हसली. मग ताट खाली ठेवलं. "पैशाचं मला काही नाही. आत्याबाईंनी विचारलं, कोणाशी बोलतेस? बोलतेस का, असं नाही विचारलं. त्यांचं ठरूनच गेलं होतं. मी काय सांगणार?"

"आता त्यांना सगळं कळलंय. चल ना परत," मी म्हटलं.

"तुम्ही चुकलात, तुम्ही आलात. त्यांना यायला काय झालं?"

निघताना मला चहा दिला. माझ्या बोलण्याने जिचं घर सुटलं तिने. पिऊन होईपर्यंत मान वर करता आली नाही.

१८ मार्च, बुधवार

गीतांजलीचा निरोप मावशीला जसाच्या तसा दिला. शब्द बदलला नाही. मावशी म्हणाली, बरं.

दुकानावर बोर्ड लावला, हाताने लिहून – "जानेवारीपासून माझ्याकडे ज्यांचे कागद फोनवर स्कॅन झाले, त्यांच्या खात्यातून माझ्या चुकीमुळे पैसे गेले आहेत. फोन घेऊन या. बंद करून देईन. गेलेले हळूहळू भरून देईन. सुंदराबाईंच्या सुनेबद्दल, गीतांजलीबद्दल, जे ऐकलं असेल ते खोटं आहे. ती चूक माझी आहे." शेवटची दोन वाक्यं आईने घालायला लावली. मी तिचं नाव नको म्हणत होते. आई म्हणाली, "नाव घेऊन बदनामी झाली ना? मग नाव घेऊनच फेड."

दुपारपर्यंत दुकानासमोर गर्दी. शिव्या खाल्ल्या. एकाने बोर्डाचा फोटो काढून सगळीकडे पाठवला. गंगारामकाका स्टूल घेऊन बाजूला बसले. कोणी आवाज चढवला की म्हणायचे, "ती सांगते तरी हाय. ती कंपनी सांगते काय?" संध्याकाळपर्यंत काका तिथेच. त्यांच्या पिशवीतला फोन सारखा वाजत होता, मुलाचा. उचलला नाही.

२२ मार्च, रविवार

मावशी नावड्याला गेली. नवीन लुगडं नेसून, हातात मैत्रीचं दप्तर.

२४ मार्च, मंगळवार

मावशी एकटीच परत आली. विचारलं, काय झालं? म्हणाली, "बोलनं झालं." एवढंच. तोंडावरून काही कळेना. दप्तर तिकडेच ठेवून आली. म्हणजे पोर तिकडेच राहणार.

मी एवढं सगळं केलं, पण मोडलेलं जुळलं नाही ते नाहीच. बोर्ड लावून बदनामी पुसता येईल, पण सात वर्षांत जे घडलं होतं ते एका संध्याकाळी तुटलं, ते मी कुठलं बटण दाबून जोडू?

८ एप्रिल, बुधवार

गिऱ्हाईक निम्म्याने कमी. वहीतली सव्वीस नावं फेडून झाली. हिरवं बटण दिसलं की आता मी आधी खालचं राखाडी वाचते, मोठ्याने, गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं. लोक कंटाळतात. कंटाळू देत.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. मिरवणुकीत सगळी गल्ली होती. मावशी नव्हती. घराला दोन दिवस कुलूप.

४ मे, सोमवार

मावशी आणि गीतांजली दोघी दुकानात आल्या. मागे एक उंच माणूस, कागदांची पिशवी छातीशी धरून. कुंदन. महाप्याला गीतांजलीच्याच पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर. शुक्रवारी, बुद्धपौर्णिमेला, नावड्याच्या विहारात दोघांचं लग्न लागलं, घरच्याच माणसांत. आता नोंदणीचा फॉर्म भरायचाय.

मी मावशीकडे बघितलं. ती म्हणाली, "म्या नावड्याला जाऊन नीट इचारलं, बोलतीस का म्हणून. ती म्हणली, ॲप नव्हतं आत्याबाई, मानूस हाय. वरीस झालं, मला सांगायला भीत हुती."

वर-वधूची माहिती भरली. खाली साक्षीदार. पहिलं नाव मावशीचं. पुढचा रकाना – वधूशी नातं. माझी बोटं तिथेच थांबली.

"सासू लिही," मावशी म्हणाली. "दुसरं काय लिहिनार?"